केनियाला निघालात? आधी मला विचारा

दुबईतल्या अख्ख्या जबल अलीत केनियाची माझ्याइतकी माहिती कोणाला नाही! आता मी केनिया पाहिलेला नाही, ती गोष्ट वेगळी. आमच्या गोदामाच्या गेटवर जुमा नावाचा मोंबासाचा सिक्युरिटीवाला बसतो. त्याच्या बाजूला खुर्ची टाकून मी रोज चहा पितो. शाळेत मी सातवीच्या पुढे सरकलो नाही, पण केनियाची डिग्री त्या खुर्चीत बसून घेतली. लोक सल्ला घेऊन जातात, परत येतात आणि आपले किस्से माझ्याकडे टाकून जातात. ठेवू कुठे? कंपनीने कपाट एकच दिलंय!

अडचण एवढीच, की जन्मभर सगळ्यांच्या टोप्या उडवल्यामुळे मी खरं सांगितलं तर कोणी ऐकत नाही, आणि थाप मारली की पाठ करतात.

* * *

आमचा फोर्कलिफ्टवाला शंकर, साताऱ्याचा. कंपनीने त्याला ट्रेनिंगला नैरोबीला पाठवला, तेही जुलैत. मी म्हटलं, "स्वेटर घे."

सगळी रूम हसली. "बाबीकाका, आफ्रिकेत स्वेटर? इथे बाहेर पत्र्यावर अंडं तळून निघेल!" जुमाने माझ्या बाजूने मान हलवली, तर म्हणे, "यालापण फितवला!"

पोचल्यावर शंकरचा व्हिडिओ कॉल आला. स्क्रीनवर नुसतं ब्लँकेट. आतून आवाज, "काका, दात वाजतायत!"

म्हटलं, "मग अंडं कशावर तळलंस?"

* * *

त्याच शंकरला मी एक थाप पण दिली होती. जंगलात हत्ती समोर आला तर उभं राहून आपलं नाव-गाव सांगायचं, तिथला नियमच आहे!

व्हिडिओ अजून माझ्याकडे आहे. सफारीच्या जीपमध्ये शंकर हात जोडून उभा. "शंकर. मुक्काम पोस्ट कोरेगाव, जिल्हा सातारा!"

हत्ती शांत आहे. घाबरलाय तो ड्रायव्हर.

* * *

"आठवण म्हणून काही आणायचं तर खिशात मावेल असं आण," हेही मी सांगितलं होतं. खरं होतं, म्हणून ऐकलं नाही. आमचे शंकरभाऊ लाकडी जिराफ घेऊन आले, स्वतःच्या उंचीचा! एअरपोर्टवरून आमच्या लेबर कॅम्पपर्यंत कंपनीच्या बसच्या खिडकीतून जिराफाची मान बाहेर.

आता रूममध्ये त्याच्यावर सगळ्यांच्या बनियन वाळतात.

* * *

मग आमचे फोरमन इब्राहिमभाई निघाले. भाई रत्नागिरीचे. मुलगा आसिफ इथेच दुबईत, डिस्कव्हरी गार्डन्सला राहतो. त्याचं मन ऑफिसातल्या एका मुलीवर बसलं. मुलगी मोंबासाची, पण मूळ घराणं रत्नागिरीचंच, पणजोबा गलबतातून गेलेले. त्या घरात आजोबांचा शब्द शेवटचा. ते नाही म्हणाले तर खलास! म्हणून बाप-लेक मागणी घालायला चालले.

एअरपोर्टवर भाईंना घाम. आसिफ म्हणाला, "अब्बा, जस्ट बी युअरसेल्फ!"

"अरे, त्याचीच तर भीती आहे!"

* * *

भाभींनी व्याह्यांसाठी सुकट आणि आमसुलं दिलेली, पिशवीत पिशवी बांधून. मी म्हटलं, "भाई, केनियात प्लॅस्टिकच्या पिशव्यांना बंदी आहे."

"चल हट! पिशवीला कोण बंदी घालतो?"

मोंबासाला उतरल्यावर पिशव्या काढून घेतल्या. भाई मुलीच्या दारात पोचले तेव्हा नव्या कोटाचे सगळे खिसे सुकटीने फुगलेले.

स्वागताला पहिली धावत आली ती त्यांची मांजर!

* * *

खरी गोष्ट तर मी भाईंना आधीच बजावली होती. तिकडे कामाचं बोलण्याआधी विचारपूस करायची. तब्येत कशी, घरचे कसे, पाऊसपाणी कसं, आणि उत्तरं नीट ऐकायची. मग चहा. मग काम. पण भाईंचा जन्म "यल्ला, यल्ला" करत घाईघाईने कंटेनर खाली करण्यात गेलेला! सलाम झाला, सोफ्याला बूड टेकलं आणि म्हणाले, "तर मग लग्नाचं काय करायचं?"

आजोबा उठले. "नमाजला जातो," म्हणाले. नमाजला अजून पुष्कळ वेळ होता.

भाईंचा फोन आला. "बाबी, म्हातारा उठून गेला रे! पोरगी आत रडतेय. मस्करी नको, काय करू सांग."

मस्करी मलाही सुचेना. फोन जुमाकडे दिला. जुमा म्हणाला, "भाई, कल फिर जाओ. शादी का नाम नहीं लेना. सिर्फ हाल पूछो. वो खुद बोलेगा."

दुसऱ्या दिवशी भाईंनी आजोबांच्या गुडघ्यापासून सुरुवात केली. मुलगे, सुना, नातवंडं, शेजारी, शेवटी मांजरसुद्धा! चहा झाला, परत चहा झाला. मग आजोबाच म्हणाले, "पोरगा चांगला आहे तुमचा. आमची पोरगी तुमची."

भाई फोनवर हसत होते की रडत होते, कळेना. मी म्हटलं, "बघ! अक्कल कोणाची? दे आजोबांकडे फोन."

आजोबा फोनवर आले. "बोला."

"आजोबा, मी बाबी, जबल अलीवरून! निकाह कधीचा धरताय? आणि वऱ्हाडात आम्ही किती जण यायचं?"

पलीकडून सावकाश आवाज आला,

"अस्सं! म्हणजे काल इब्राहिमला आमच्याकडची रीत शिकवून पाठवलीत, ते तुम्हीच काय?"