सज्ज्यातली घरभेदी

शिंपीणबाई आणि त्यांचे यजमान एकाच खोलीत धंदा करायचे. पडद्याच्या अलीकडे बाईंचं शिलाई मशीन, पलीकडे यजमानांचं घड्याळं दुरुस्तीचं टेबल. घरात आवाज चढला की यजमान एखाद्या घड्याळात डोकं घालून बसायचे.

यहुद्यांच्या त्या छोट्या वस्तीत एकच प्रार्थनाघर. पुरुष खाली, बायका वर लाकडी सज्ज्यात. एका सकाळी प्रार्थनेला सगळ्या उभ्या राहिल्या आणि शिंपीणबाईंच्या पायाखालची फळी दबली. दबली ती वर आलीच नाही. प्रार्थनाघराचे प्रमुख म्हणजे बाईंचे थोरले दीर. बाईंनी त्यांना जिन्यातच गाठलं.

"भाऊजी, सज्जा खचतोय."

"लाकूडच ते, कुरकुरणारच. बघू."

हे 'बघू' वर्षभर चाललं. बाईंनी जावेला सांगितलं, धर्मगुरूंना सांगितलं. सगळे माना डोलवायचे आणि विसरायचे. मग दिरांच्या मुलीचं लग्न तिथंच ठरलं. आता वस्तीतल्या यच्चयावत बायका पोरंबाळं घेऊन त्या सज्ज्यात चढणार! बाईंची झोप उडाली. त्या थेट नगरपालिकेत गेल्या आणि इंजिनियरला म्हणाल्या, "एकदा येऊन बघा. कुणी सांगितलं विचारलं तर माझं नाव घ्या."

तो आला, बघितलं, आणि सज्जाच काय, अख्ख्या इमारतीला कुलूप ठोकून गेला. एवढं बाईंनाही नको होतं.

संध्याकाळी दीर दारात उभे राहिले. आत यायला तयार नाहीत.

"घरातलं घरात मिटवायचं असतं. सरकारदरबारी जाऊन आपल्याच माणसांची चहाडी करणाऱ्याला आपल्यात काय म्हणतात, ठाऊक आहे ना?"

"आहे की. आणि वर्षभर नुसतं 'बघू' म्हणणाऱ्याला काय म्हणतात, भाऊजी?"

दीर तरातरा निघून गेले. "अहो, तुम्ही तरी काही बोलायचं होतंत!" बाई ओरडल्या. पडद्यापलीकडून नुसती टिकटिक.

ठाऊक तर होतंच. एका चुगलखोराच्या जिभेपायी वस्त्याच्या वस्त्या उजाड झाल्या, अशा गोष्टी त्यांनी आजीच्या मांडीवर ऐकल्या होत्या. ऐकताना त्या माणसाची किळस यायची. आता वस्तीनं त्याच माणसाच्या जागी आपल्याला नेऊन बसवलं, हे काही केल्या त्यांच्या पचनी पडेना.

लग्न भाड्याच्या हॉलमध्ये झालं. या दोघांना बोलावणं नव्हतं. ज्यांच्या जिवासाठी एवढा खटाटोप केला, त्याच बायका कपडे शिवायला दुसरीकडे जाऊ लागल्या. प्रार्थना दिरांच्या दिवाणखान्यात व्हायची. तिथून यजमान तोंड पाडून परतायचे.

"चुगलखोरांना आशा उरू नये, अशी ओळ आहे ना रोजच्या प्रार्थनेत? ती आली की सगळे माझ्याकडे बघतात."

"मग तुम्ही काय करता?"

"मीही म्हणतो. करणार काय?"

बाईंनी कात्री आपटली.

शेजारची नर्स ख्रिस्ती. बिचारी समजूत घालायला आली. "मनाला लावून घेऊ नका हो. आमच्यात दगाबाजाला यहूदा म्हणतात, पण तुम्ही काही तशा नाही."

"यहूदा माझ्या आजोबांचं नाव होतं, सिस्टर. देवमाणूस होता. तुमच्याकडे त्या नावाची शिवी का झाली, ते तुम्हालाच ठाऊक."

नर्स ओशाळली. तिला दुखवून बाईंनाही बरं वाटलं नाही. बाहेरच्यांच्या लेखी अख्खी जमात दगाबाज, आणि जमातीच्या लेखी त्या एकट्या. दाद मागायची तरी कुणाकडे?

दुरुस्तीला सज्जा उतरवला तेव्हा तुळया आतून वाळवीनं पोखरलेल्या निघाल्या. नुसत्या हातानं भुगा होत होता. वस्ती हळहळली. "देवानंच वाचवलं," दीर सगळ्यांना सांगत सुटले. शिंपीणबाई वाट बघत राहिल्या. आज कुणी येईल, उद्या येईल, 'चुकलं आमचं' म्हणेल. कुणी फिरकलं नाही.

नवा सज्जा झाला, त्या दिवशी त्या मुद्दाम वर गेल्या. जाऊबाई लगबगीनं पुढे आल्या. बाईंचा हात हातात घेऊन सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "झालं गेलं विसरून जा. आम्ही तुला माफ केलंय."

"मला? कशाबद्दल?"

"बघा, झाली हिची पुन्हा सुरुवात!" जाऊबाई हसल्या. बाकीच्याही हसल्या, अगदी मायेनं. एकीनं सरकून बाकावर जागा करून दिली.

शिंपीणबाईंच्या जिभेवर वर्षभराचं बोलणं साचलं होतं. पण खाली प्रार्थना सुरू झाली होती, आणि सगळ्या उठून उभ्या राहिल्या होत्या.