इथून खाडी दिसेल

वागळे इस्टेटमधल्या आमच्या कारखान्यात मी पहिल्या दिवशी गेलो, तेव्हा सुमतीताई तांडेल घरात बसल्या होत्या. म्हणजे असं, की शेडच्या मधोमध लाकडी ठोकळ्यांवर एक नवीकोरी खोली ठेवलेली होती, तिचं दार आतून लावलेलं होतं आणि दाराबाहेर त्यांच्या चपला होत्या. सुपरवायझर म्हणाला, "मॅडम आत आहेत. वाजव." मी दार वाजवलं. आतून आवाज आला, "या, या. घर आपलंच आहे."

आत ताई फरशीवर मांडी घालून चहा पीत होत्या. पन्नाशीच्या आसपासच्या, केसांत अबोलीचा गजरा, गळ्यात कारखान्याचं ओळखपत्र. समोरच्या खिडकीतून शेडची पत्र्याची भिंत आणि तिला टेकवलेली शिडी एवढंच दिसत होतं. ताई तिकडे अशा बघत होत्या, जणू पत्र्यापलीकडे काही हलतंय. "बस रे," त्या म्हणाल्या. "ही खोली उद्या नाशिकजवळ एका शाळेला चाललीय. इथून खाडी दिसेल." नाशिकजवळ कुठली आलीय खाडी, हे विचारायची पहिल्या दिवशी माझी हिंमत झाली नाही.

आमच्याकडे भिंती, फरशी, वायरिंग, नळ सगळं शेडमध्येच जोडून अख्खी खोली तयार होते. ती ट्रेलरवर चढते आणि जागेवर आधीच घातलेल्या पायावर क्रेनने उतरते. पावसात काम थांबत नाही, शेजाऱ्यांच्या नाकात धूळ जात नाही, आणि वर्षभराचं बांधकाम बघता बघता उभं राहतं. ताई तिथल्या प्रॉडक्शन मॅनेजर. इंजिनिअरिंग शिकलेल्या, कामाला कडक. पण आत बसून चहा प्यायल्याशिवाय त्यांनी एकही खोली गेटबाहेर सोडली नाही. "रिकामं घर प्रवासाला निघू नये," त्या म्हणायच्या.

गिऱ्हाइकं यायची आणि बोटांनी भिंत वाजवून बघायची. पोकळ आवाज आला की त्यांचा चेहरा पडायचा. ताई हसून विचारायच्या, "नारळ आहे का तो, वाजवून घ्यायला?" मग स्वतः भिंतीला पाठ लावून उभ्या राहायच्या. आम्हाला मात्र त्या सारख्या बजावायच्या, "आपल्याकडे मागाहून आठवलेलं चालत नाही. कारखान्यात सुचलं तर ते घर, साइटवर सुचलं तर ती पंचाईत."

पुढे ओळख मुरल्यावर मी त्यांना चिडवू लागलो. "ताई, ही खोली सोलापूरला चाललीय. तिथेही खाडी?" त्या शांतपणे म्हणायच्या, "दिसेल म्हटलं की खिडकी नीट लागते. नाहीतर माणूस पत्र्याकडे बघून खिडकी बसवतो."

ही खाडी त्यांनी कुठून आणली होती, ते मला कोपरच्या पलीकडे, पाण्याला लागून असलेल्या त्यांच्या माहेरी गेल्यावर कळलं. वडील तांडेल, म्हणजे होडीचे कप्तान होते, ते कधीच गेले. आई एकटी राहायची, ऐंशीच्या पुढची. मोठ्या भरतीला पाणी ओटीपर्यंत यायचं आणि भिंतींना तडे गेले होते. घर पाडून नवीन बांधायचं तर आजींनी वर्षभर भाड्याने राहायला हवं होतं. आजी ऐकायलाच तयार नव्हत्या. "मना परक्याच्या घरात नाय मरायचा," त्या म्हणायच्या. "वर्सात मेली तर? लोकाच्या दारातून मना नेशील?"  शेवटी ताईंनी आईला शब्द दिला, की आठवडाभरात तू तुझ्या घरात असशील. आणि आमच्या शेडमध्ये दोन खोल्यांचं घर तयार होऊ लागलं.

त्या दिवसांत ताई वेगळ्याच तंद्रीत असायच्या. पाया उंच आखला. ओटीची फरशी आईच्या पावलाला थंड लागावी म्हणून तीनदा बदलली, आणि खिडकी आजी पाटावर बसल्या की डोळ्यांसमोर येईल अशी खाली घेतली. जुनं घर पाडून पाया घालायला घेतला, त्या दिवशी आजी शेजारणीच्या ओटीवर तोंड फिरवून बसून राहिल्या.

दोन्ही खोल्या ट्रेलरवर चढून गावाच्या वेशीपर्यंत आल्या आणि कमानीखाली अडकल्या. ताईंनी कमानीची उंची आधी स्वतः मोजली होती. पण मधल्या काळात त्या रस्त्याचं काँक्रिटीकरण झालं. रस्ता वर आला, कमान होती तिथेच राहिली. चाकांतली हवा काढून पाहिली, तरी छप्पर वर टेकतच होतं. कमानीवर गावदेवीचं नाव. ती पाडा म्हणायची कोणाची छाती होती? "मॅडम, नाय जाणार," ड्रायव्हर म्हणाला. तेवढ्यात शेजारीण सांगत आली, की आजींना ताप भरलाय आणि त्या सारखं घर आलं का विचारतायत.

 ताई रस्त्याच्या कडेला उभ्या राहून खाडीकडे बघत होत्या. मला वाटलं, बाई खचल्या. मला रडूच यायला लागलं होतं. त्यांनी विचारलं, "मंदार, तो रेतीचा बार्ज कोणाचा रे?"

दुसरा दिवस बार्जवाल्याला पटवण्यात आणि परवानग्यांच्या मागे धावण्यात गेला. तिसऱ्या दिवशी सकाळी भरती होती. ज्या बार्जने जन्मभर दुसऱ्यांच्या घरांची रेती वाहिली, त्यावर रेतीबंदरावरून अख्खं घर चढलं. रिकामं घर प्रवासाला निघू नये म्हणून ताई आत जाऊन बसल्या. आम्ही गावच्या धक्क्यावर वाट बघत होतो. धुकं होतं. त्यातून आधी इंजिनाची धडधड आली, मग एक खिडकी आली, पडदा बाजूला सारलेली, आणि खिडकीत ताई. अबोलीचा गजरा, हातात चहाचा कप. पाण्यावरून घर सावकाश आपल्या गावाला येत होतं. धक्क्यावर एक म्हातारा कोळी हात जोडून उभा होता.

क्रेन बुटकी असल्यामुळे कमानीखालून आधीच आत आली होती. संध्याकाळपर्यंत दोन्ही खोल्या पायावर बसल्या. आजींना धरून आणलं. त्यांनी खाडीत नारळ सोडला, पाण्याचा हंडा आत ठेवला, भिंत वाजवून नाक मुरडलं आणि लेकीकडे बघून म्हणाल्या, "तांडेलाची पोर तू, नि घर रस्त्यानं आणायला गेलीस?" ताई इतक्या हसल्या, की त्यांना खाली बसावं लागलं.

आजी त्या घरात तीन नारळी पौर्णिमा बघून गेल्या. स्वतःच्या ओटीवरून गेल्या.

ताई गेल्या ते यंदा. आजार हाताबाहेर गेला होता. ठाण्यातल्या एका हॉस्पिटलच्या नव्या वॉर्डात त्यांना ठेवलं होतं. घरी नेण्यासारखी अवस्था राहिली नव्हती आणि तेच माझ्या मनाला खात होतं. आईला घरात नेण्यासाठी जिने खाडीतून घर आणलं, तिने असं परक्या खोलीत पडावं? मी तसं बोलून गेलो. त्यांनी हात पलंगाबाहेर काढला आणि भिंत वाजवली. पोकळ, ओळखीचा आवाज आला.

"आपलीच आहे रे," त्या म्हणाल्या. "विसरलास? हा वॉर्ड आपणच पाठवला. या खोलीत चहा प्यायलेय मी. परकी कशी?"

त्यांच्यात आता मान वळवायची ताकद नव्हती. "मंदार, खिडकीतून काय दिसतं?"

मी उठून खिडकीपाशी गेलो. समोर दुसऱ्या इमारतीची भिंत होती, आणि तिच्यावर एसीचे डबे.

"खाडी," मी म्हणालो.

"भरती आहे का?"

"भरतीच आहे, ताई."

"मग ठीक," त्या म्हणाल्या.