अनुप्रासाचं उदाहरण

तालुक्याच्या शाळेत मी मुख्याध्यापकांपासून शिपायापर्यंत सगळ्यांच्या नकला करायचो. स्पर्धा परीक्षेसाठी पुण्यात आलो, तेव्हा अक्कल गावी ठेवली आणि नकला तेवढ्या सोबत आणल्या.

बिबवेवाडीतल्या आमच्या अभ्यासिकेत एक मुलगी होती. बोलताना ती अडखळायची, पण मराठीचे अलंकार तिच्याइतके सोपे करून कुणीच सांगत नसे. मला उपमा आणि रूपक यांतला फरक कळेना, तेव्हा चहाच्या टपरीवर ती सगळ्यांसमोर म्हणाली, "तू माकडासारखा आहेस, ही उपमा. तू माकडच आहेस, हे रूपक." ते मी आजवर विसरलेलो नाही.

मग ती अनुप्रासावर आली. एकच अक्षर पुन्हा पुन्हा आलं की अनुप्रास. "आता तू उदाहरण दे," ती मला म्हणाली.

मी हुबेहूब तिच्यासारखं म्हणालो, "का-का-काका, क-क-कटिंग द्या."

सगळे हसले. तीही हसली, म्हणून मला वाटलं, खपून गेलं. पण त्यानंतर ती टपरीवर आलीच नाही. चार दिवसांनी माझ्या टेबलावर वहीची पानं ठेवून गेली. सगळे अलंकार नीट लिहिलेले, प्रत्येकाखाली एक उदाहरण. फक्त अनुप्रासाखाली लिहिलं होतं, 'उदाहरण तुझ्याकडे आहे.'

माफी मागायला मी दोनदा तिच्या टेबलापाशी गेलो. दोन्ही वेळा पेन मागून परत आलो.