धुक्याच्या नदीचं प्रकरण

सहादू देवळाली प्रवरेजवळच्या साखर कारखान्यात फिटर होता. शिक्षण चौथीपर्यंतचं, पण वाचनाचं वेड जबर. त्यातून एका जुन्या लेखकाच्या जादूच्या कादंबऱ्यांवर त्याचा भारी जीव. पाळीवरून आला की चुलीपाशी बसून मोठ्यानं वाचायचा. बायको सुमनबाई निरक्षर, भाकरी थापता थापता ऐकायची आणि मध्येच ओरडायची, “अवं, त्या नावाड्याला कुनी सांगा की, पुढं चेटकीण हाय म्हनून!”

एकाहत्तर साली त्या लेखकाच्या जन्माला शंभर वर्षं झाली. गावच्या वाचनालयानं देवळासमोर मांडव घालून जाहीर वाचन ठेवलं. धुक्याच्या नदीचं प्रकरण वाचायला सहादूकडं आलं. सुमनबाईनं हरखून ठेवणीतलं लुगडं काढलं. सहादूला मात्र वेगळाच घोर लागला. मास्तर, डॉक्टर, कारखान्याचे साहेब बसणार, आणि ही तिथं ओरडली तर?

“अगं, तिथं बाया येत न्हाईत,” तो म्हणाला.

“न्हाई व्हय?” तिनं लुगडं पुन्हा पेटीत ठेवलं. “बरं. तुमी नीट वाचा.”

मांडवात पुढं बायकाच बायका होत्या. शेजारची चांगुणाही होती. सहादू कुठं अडखळला नाही. नावाडी चेटकिणीच्या तावडीत सापडला तरी मांडवात कुणी हूं की चूं केलं नाही. शेवटी टाळ्या पडल्या, साहेबांनी हार घातला. सहादूला तो हार गळ्यात टोचत राहिला.

चांगुणानं दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर सगळं सांगितलं. सुमनबाई भांडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती भाकरी थापत राहिली. संध्याकाळी त्यानं पुस्तक उघडलं, तशी ती उठली.

“बस की. माजं चुकलं.”

“असू द्या. मला तरी काय कळतंय त्यातलं?” असं म्हणून ती गोठ्याकडं गेली.

पुढच्या साली दुष्काळ पडला. सहादू वाचनालयात जाऊन विचारायचा, “पुन्हा कधी ठेवताय वाचन?” तिथले पंच म्हणायचे, “आधी पाऊस तर पडू दे.” पाऊस पडला, पंच बदलले, वाचन काही झालं नाही. सुमनबाईनं संसार नेटानं केला, त्याच्या दुखण्याखुपण्यात उशाशी बसली. पण गोष्ट ऐकायला ती पुन्हा बसली नाही. सहादू ओट्यावर एकटाच, मनातल्या मनात वाचू लागला.