भिमाजीचा दगड

रावेतच्या रुक्मिणीबाईंचा तरणाताठा मुलगा भिमाजी पवनेच्या डोहात बुडाला, आणि हाती लागलाच नाही. मग गावाच्या रीतीप्रमाणे डोहातल्या जुन्या महादेवाच्या देवळाशेजारी त्याच्या नावाचा दगड बसवला. बुडालेल्या कितीतरी जणांचे दगड तिथं होते. वर्षभर देवळासकट ते पाण्याखाली असत. वैशाखात नदी उतरली की सगळं उघडं पडे आणि घरोघरच्या बायका आपापला दगड घासून त्याला तेल लावत. रुक्मिणीबाई तर तिथं फतकल मारून मुलाशी पोटभर बोलत. सुनेच्या कागाळ्यासुद्धा सांगत.

पुढं पिंपरीकडं कारखाने आले. त्यांना पाणी हवं, म्हणून डोहाच्या खालच्या अंगाला बांध घालायचं ठरलं. देऊळ कायमचं बुडणार होतं. गावानं पिंड, नंदी, घंटा गाडीत घातली. रीतभात गुंडाळून लोकांनी आपापले दगडही उचलले. सोपानराव पाटील मुद्दाम रुक्मिणीबाईंच्या दारी आले.

"काकू, भिमाजीला बी घेऊ का गाडीत?"

"पान्यानं नेलेल्याला पान्यापासून तोडायचं नसतं. वैशाखात नदी उतरंल, तवा भेटंल माझा ल्योक."

"आता न्हाई उतरायची ती."

"नदी काय बांधावरच्या मुकादमाची हाय व्हय?"

या बाईपुढं कुणाचं काय चालणार! पाटील आल्या पावली परतले.

वैशाख आला. पाणी तसूभर हललं नाही. रुक्मिणीबाई तेलाची वाटी घेऊन काठावर बसून राहिल्या. पुढच्या वर्षीही तेच. वर गावात चुना फासलेलं नवं देऊळ झालं, लोक खूश झाले. ज्या देवळाला आजे-पणजे हात जोडत आले, त्याचं नावही कुणी काढेना. माणसं इतक्या लवकर विसरतात, याचा संताप येतो.

शेवटी रुक्मिणीबाईंनी भैरू कोळ्याला गळ घातली. त्याच्यासारखा बुडी मारणारा पंचक्रोशीत नव्हता. तो पुन्हा पुन्हा खाली गेला आणि मूठभर चिखल घेऊन वर आला.

"काकू, निस्ता गाळ हाय. देऊळ न्हाई, दगुड न्हाई. हाताला कायबी लागंना."

रुक्मिणीबाईंनी त्या चिखलात बोटं घालून पाहिली.

"मला इचारलं व्हतं रं, भैरू. गाडी दारात उभी व्हती. मीच नगं म्हनले."

मग त्यांनी वाटी पाण्यात उपडी केली. तेल खाली गेलंच नाही, वरच पसरत राहिलं.