हात थांबण्यापुरती

शांताराम गेल्याचा फोन आला तेव्हा मी कलमांच्या शेडमध्ये होतो. फोन त्याच्या बायकोचा, सुमनवहिनीचा. "सुटले हो भाऊ," एवढंच म्हणाली. माझी नजर आधी फळीवरच्या स्टीलच्या पेल्याकडे गेली... दुःख नंतर झालं. हे लिहितानाही लाज वाटते.

मिरजोळ्याजवळच्या आमच्या रोपवाटिकेत शांतारामने वीस वर्षं आंब्याची कलमं बांधली. त्याने बांधलेलं कलम सहसा मरायचं नाही. पण अलीकडे सकाळी त्याचे हात इतके कापायचे, की काडी तासताना बोटच कापून घ्यायचा. मी समोर आलो की हात पाठीमागे घेऊन उभा राहायचा. ऐन हंगाम, ऑर्डरी डोक्यावर. मग मीच त्या पेल्यात थोडी ओतून द्यायचो, हात थांबण्यापुरती. थोड्या वेळाने ते खरंच थांबायचे. घरात कळू नये म्हणून पेला मीच विसळायचो, आणि संध्याकाळी चार लोकांत दारूबंदीवर तावातावाने बोलायचो.

एका सकाळी त्याने पेला बाजूला सारला. "भाऊ, सोडायची हाय मला. पण नाय घेतली की अंग थडथडतं, नाय नाय ते दिसतं. डॉक्टरकडं चला ना सोबत. माजं एकट्याचं कोण ऐकणार?"

"चार दिवस थांब. एवढी ऑर्डर जाऊ दे, मग जाऊ," मी म्हणालो.

तो थांबला नाही. घरीच एकदम बंद केली. दुसऱ्या दिवशी फिट आली, वहिनीने एकटीने रिक्षात घालून इस्पितळात नेलं. मी गेलो आठवड्याने, ऑर्डर पोचती झाल्यावर. डॉक्टरीणबाई सांगत होत्या, रोजच्या पिणाऱ्याने अशी एकदम तोडायची नसते, जिवावर बेततं. आधी इथे यायचं, औषधं देऊन सोडवतात. मग त्यांनी विचारलं, "सकाळची कोण द्यायचं?"

"माजा मीच घ्यायचो," शांताराम म्हणाला. मी खाटेशेजारीच उभा होतो.

बाई गेल्यावर त्याने दोन्ही हात माझ्यापुढे धरले. "बगा भाऊ. न घेता." हात स्थिर होते.

त्यानंतर तो थेंबालाही शिवला नाही. पण लिव्हर आधीच गेलं होतं, जेमतेम सहा महिने मिळाले. तेराव्याला लोक म्हणाले, दारूने घालवला. मीही मान हलवली.

गेल्या आठवड्यात वहिनी त्याचा चाकू न्यायला शेडमध्ये आली. फळीवरचा पेला तिने हातात घेतला. "हा पण त्यांचाच ना? ह्यात चाय प्यायचे?"

मी हो म्हणालो.

पेला ती पदराने पुसून घेऊन गेली. काल तिच्याकडे गेलो होतो. शांतारामच्या फोटोपुढे तोच पेला, त्यात गरम चहा. रोज सकाळी ठेवते म्हणाली.