अण्णांचा मटारचा शॉट

"कॅमेऱ्याकडे बघू नका हो!" अण्णा मंडईत इतक्या जोरात ओरडले की शेजारच्या गाळ्यावरचे निम्मे कांदे आपोआप सोलले गेले. भाजीवाल्या मावशींनी शांतपणे विचारलं, "मग कुठं बघू, तुमच्याकडं? त्यापेक्षा कॅमेरा बरा दिसतोय." अण्णांनी हे वाक्यही सिनेमात ठेवलं. ठेवावंच लागलं, कारण ते कधीच काही कापत नसत.

म्हणून तर कर्वेनगरातल्या आमच्या सोसायटीत त्यांचं नाव 'विनाकट' पडलं होतं. मी त्यांचा शेजारी आणि ध्वनिमुद्रक, म्हणजे जळमटं काढायच्या काठीला माइक बांधून उभा राहणारा.

"स्वतंत्र सिनेमाचा उगम जगात सगळीकडे एकच," अण्णा सांगत. "मोठा स्टुडिओ एखाद्याला हाकलतो आणि तो घरी येऊन स्वतःचा सिनेमा काढतो." अण्णांना हाकलणारा स्टुडिओ लग्नाचं शूटिंग करणारा होता. सप्तपदी चालू असताना यांनी कॅमेरा नवरीच्या झोपलेल्या आजोबांवर लावला आणि मांडव उतरेपर्यंत हलवला नाही. आजोबांच्या घोरण्यात त्यांना मंगलाष्टकांपेक्षा जास्त सत्य सापडलं होतं.

घरी परतल्यावर त्यांनी या पंथाचे नियम कडक सोवळ्यानं पाळले. गाणं नाही, खिडकीतून येईल तेवढाच उजेड, आणि नटांऐवजी घरची माणसं. घरची माणसं म्हणजे त्यांची बायको, आमच्या काकू. शेवटसुद्धा करायचा नाही. "प्रेक्षकाला शेवट कळला की आपण धंदेवाईक झालो," असं ते म्हणत. त्या न्यायानं ते आयुष्यभर पवित्र राहिले. एका खेळाला मी गुळगुळीत दाढी करून बसलो होतो. उठलो तेव्हा सोसायटीचा वॉचमन मला ओळखेना.

काकूंनी मात्र यातला एकही सिनेमा पाहिला नव्हता. "दिवसभर तेच करते, पुन्हा बघायचं काय त्यात?" असा त्यांचा सवाल. अण्णांना परदेशी महोत्सवांचं फारसं काही नव्हतं. काकूंनी एकदा अख्खा सिनेमा बसून बघावा, एवढीच त्यांची हाव. त्यासाठीच त्यांनी शेवटचा सिनेमा काढला. स्वयंपाकघर, काकू आणि मटारची रास. पहिल्या शेंगेपासून शेवटच्या शेंगेपर्यंत एकच शॉट.

शॉट अफाट जमला. फक्त मध्येच डावीकडून एक हात येतो, सोललेल्या मटारांची मूठ उचलतो आणि काकू न बघताच त्यावर चापट मारतात. हात अण्णांचा. कॅमेऱ्यामागे उभं राहून त्यांना भूक लागली, आणि सगळ्या सोसायटीला फ्रेमबाहेर हाकलणारा माणूस सवयीनं स्वतःच आत शिरला. कापावं तर धर्म बुडतो, ठेवावं तर दिग्दर्शक मटारचोर ठरतो. या पेचात त्यांनी सिनेमा दोन हिवाळे अडवून ठेवला, काकूंना दाखवलाच नाही. तिसऱ्या हिवाळ्यात बाजारात मटार आले, पण अण्णा नव्हते.

आम्ही तो सोसायटीच्या हॉलमध्ये लावला, जसा होता तसा. काकू पहिल्या रांगेत शेवटच्या शेंगेपर्यंत बसल्या. हात आला तेव्हा सगळा हॉल हसला. त्या हसल्या नाहीत, जरा पुढे वाकल्या फक्त. दिवे लागल्यावर मी जवळ जाऊन हळूच विचारलं, "काकू, तो हात काढून टाकायचा का?"

"कशाला? राहू दे," पदर सावरून उठत त्या म्हणाल्या. "घरातही तेवढीच मदत होती त्यांची."